बाळंतविड्यात काय ठेवावं?

चंद्रपुरात गांधी चौकातून जटपुरा गेटकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानंच दुकानं. त्यातल्या लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात पहिलटकरणीचं माहेर आणि सासर बरोबरच शिरतं आणि खरेदी कुठे थांबवायची ते दोघांनाही कळत नाही. बाटल्या निर्जंतुक करायचं भांडं, आंघोळीच्या पाण्याचं तापमान सांगणारं रबरी बदक, चाकांचा वॉकर, डोक्याला गोल आकार देणारी उशी, सुगंधी ओले रुमाल. दुकानात नसेल ते मोबाइलवर मागवता येतं. आजी कोपऱ्यात बसून म्हणत असते, 'आमची लेकरं काय या सामानावर वाढली का?' तिचं ऐकायला कोणाला सवड नसते. तिचंही सगळं बरोबर असतं असं नाही. त्या काळी किती लेकरं वाढलीच नाहीत, हे ती सहसा सांगत नाही.

मी दोन मुलांचा बाप आहे आणि या दुकानांचं जुनं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणून प्रश्न साधा आहे: यातलं खरोखर कामाचं काय? उत्तरासाठी पुण्या-मुंबईकडे बघायची गरज नाही. लहान मुलाच्या घरात कोणती वस्तू जीव वाचवते आणि कोणती नुसती जागा अडवते, याचा जितका बारीक अभ्यास आपल्या शेजारच्या गडचिरोलीच्या खेड्यांत झाला आहे, तितका देशात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. बारशाला पाकीट घेऊन जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना मात्र त्याची गंधवार्ता नाही.

शोधग्रामची पिशवी

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. धानोरा रस्त्यावर चातगावजवळ त्यांचं शोधग्राम आहे. तिथल्या चमूने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची त्यांच्या घरीच जाऊन पाहणी केली. तेव्हा बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. अंधाऱ्या, धुराने कोंदलेल्या खोलीत बाळ-बाळंतीण असायची. दिसलं ते असं: ४२ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज होती आणि डॉक्टरच्या नजरेखालून गेलेली बाळं होती अवघी २.६ टक्के.

बाळ दवाखान्यात येत नसेल तर दवाखाना बाळाकडे गेला पाहिजे, हा त्यातून निघालेला विचार. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं गेलं. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत स्प्रिंगचा तराजू, थर्मामीटर, श्वास मोजायचं साधन, काही औषधं आणि बाळाला गळ्यापर्यंत आत घालून ठेवायची टोपीवाली उबदार कापडी पिशवी असे. तीन वर्षांत या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २६ च्या आसपास आला. शेजारच्या, तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तो हजारी ६० च्या घरातच राहिला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि गडचिरोलीचं नाव जगभरच्या बालरोगतज्ज्ञांपर्यंत पोचलं.

उबदार पिशवीकडे बाप म्हणून पाहिलं की तिची गंमत कळते. जन्मलेलं बाळ ओलं असतं, डोकं मोठं आणि अंगावर चरबी थोडी. कमी वजनाच्या बाळाला स्वतःची ऊब टिकवताच येत नाही. डिसेंबरच्या रात्री कौलारू घरात ते गार पडत जातं, गार पडलं की दूध ओढत नाही, दूध पोटात गेलं नाही की आणखी गार पडतं. ही साखळी एक कापडी पिशवी तोडते. तिला वीज लागत नाही, ती धुता येते, गावातला शिंपीही शिवू शकेल. आपल्याकडची कुंची आणि दुपटं हेच काम करत आली आहेत. पिशवीत बाळाने पाय झाडले तरी पांघरूण सरकत नाही, एवढाच फरक, आणि पहाटे तीन वाजता तोच महत्त्वाचा ठरतो.

याहून स्वस्त साधन म्हणजे आईची छाती. उघड्या छातीवर बाळ ठेवून वरून कापडाने बांधायची 'कांगारू' पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. उबवणीच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी धरल्याने मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. हे काम बापालाही जमतं. शर्टाची बटणं काढायची आणि तासभर हलायचं नाही.

मणी, वाळू आणि मिनिट

गडचिरोलीतलं दुसरं साधन त्याहून हुशारीचं. न्यूमोनिया झालेलं लेकरू भराभर श्वास घेतं. मिनिटाला किती ते मोजलं की स्टेथोस्कोपशिवायही शंका घेता येते. पण मोजणार कोण? गावच्या सुईणीला साठपर्यंत न चुकता मोजणं आणि त्याच वेळी घड्याळाच्या काट्याकडे पाहणं जमायचं नाही. 'सर्च'ने पाटीवरच्या मण्यांसारखे मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ एकत्र बसवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर आलात तर धोका. लिहिता-वाचता येण्याची अट एका लाकडी पट्टीने काढून टाकली.

आपल्या हातात आज मोबाइल आहे, त्यामुळे हे मोजायला काहीच विकत घ्यावं लागत नाही. मूल शांत किंवा झोपलेलं असताना त्याच्या पोटाकडे पूर्ण एक मिनिट बघायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. शहरी बाजारात सध्या बाळाच्या पायात घालायचे महागडे मोजे मिळतात, जे हृदयाचे ठोके आणि प्राणवायू मोबाइलवर दाखवतात. निरोगी बाळाच्या घरात ते चिंता वाढवतात, बाकी फारसं काही करत नाहीत. एक मिनिट टक लावून बघणारी आई त्यापेक्षा भरवशाची.

तशीच आणखी एक वस्तू अंगणवाडीत असते: दंडाचा घेर मोजायची तीन रंगांची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला ती गुंडाळली आणि साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, लाल पट्ट्यात आली की ते मूल तीव्र कुपोषित. साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. चिंधीएवढी ही पट्टी आहे, पण 'आमचं पोर बारीकच आहे, घराण्यातच तसं आहे' हा वाद ती एका क्षणात मिटवते.

सरकारी बाळंतविडा

गडचिरोलीचा हा नमुना पुढे देशाने उचलला. २०११ पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. वजन, ताप, नाळ, दूध ओढण्याची ताकद, सगळं बघतात. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून त्यांना २५० रुपये ठरवले गेले. जटपुरा रस्त्यावर तेवढ्यात एक बरा झबला-टोपडं संच येतो.

वस्तूंचा मार्गही सरकारने धरला. २०१९ साली महाराष्ट्रात 'बेबी केअर किट' योजना आली. सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण करणाऱ्या आईला सुमारे दोन हजार रुपयांच्या वस्तूंची पेटी. कपडे, गादी, ब्लँकेट, मच्छरदाणी, थर्मामीटर, मालिशचं तेल, नखं कापायचं यंत्र, खेळणं, शाम्पू, अंग धुण्याचा द्रव वगैरे. प्राणहितेपलीकडे तेलंगणात २०१७ पासून अशीच पेटी आणि वर मुलगा झाल्यास १२ हजार, मुलगी झाल्यास १३ हजार रुपये दिले जाऊ लागले. सिरोंच्याच्या घाटावरून दिसणाऱ्या गावांत काय मिळतं, हे अलीकडच्या बायकांना चांगलं माहीत असतं.

या सगळ्यांची थोरली बहीण फिनलंडमधली. तिथे १९३८ पासून गरीब मातांना आणि १९४९ पासून सर्व मातांना बाळाच्या सामानाचा खोका मिळतो. खोक्यात गादी असते, आणि खोकाच बाळाची पहिली खाट होतो. पण खरी मेख खोक्याच्या अटीत आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या आत डॉक्टरकडे किंवा तपासणी केंद्रात नाव नोंदवलं तरच खोका मिळतो. म्हणजे सामान हे आमिष, काम करते ती तपासणी.

आपल्या पेटीचा हिशोब याच कसोटीवर करावा लागतो. मच्छरदाणी, ब्लँकेट आणि थर्मामीटर पहिल्या नंबराने पास. शाम्पू आणि अंग धुण्याच्या द्रवाचं पहिल्या महिन्यात काही काम नाही. बाळाला पहिली आंघोळ जन्मानंतर किमान २४ तास घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमी वजनाच्या बाळाला तर त्याहूनही उशिरा. थर्मामीटरची गोष्ट वेगळी. तो पेटीत असतो, पण त्याने किती दाखवलं की काय करायचं, ते पेटीत नसतं. काखेत साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असेल तर ठीक. त्याखाली गेलं तर छातीशी धरून ऊब द्यायची, त्यावर गेलं तर पांघरूण हलकं करून पुन्हा मोजायचं, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर घरगुती उपाय न करता दवाखाना. हे घरच्यांना कोणीतरी समोर बसून सांगावं लागतं. म्हणूनच माझ्या मते चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या अनुभवाचं सार इतकंच आहे: वस्तूमागून माणूस आला तर वस्तू चालते, नाहीतर ती फळीवर जाते.

मच्छरदाणी: तीन वैऱ्यांना एक उत्तर

गडचिरोली हा वर्षानुवर्षं राज्यातल्या हिवतापाच्या सर्वांत मोठ्या ओझ्याखालचा जिल्हा, आणि इथला हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. अशा वेळी घरात तापाने फणफणलेलं लेकरू असलं तर बापाच्या हातात फार काही उरत नाही. जे करायचं ते ताप येण्याआधीच करावं लागतं.

आरोग्य खातं वाटतं ती कीटकनाशक धाग्यातच मुरवलेली मच्छरदाणी साधारण तीन वर्षं आणि वीसेक धुण्यांपर्यंत काम देते. पण तिचं तंत्र सांभाळावं लागतं. नवी उघडल्यावर एक दिवस सावलीत पसरून ठेवायची. साध्या साबणाने, गार पाण्याने धुवायची, कडक सोड्याने नाही. वाळवायचीही सावलीतच, कारण उन्हाने औषध मरतं. आणि कडा अंथरुणाखाली खोचायच्या. खोचलेल्या कडेचा दुसरा फायदा जंगलाकाठच्या घरांनी ध्यानात घ्यावा. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचा धोका कमी आढळला. विंचवाचंही तेच. साडीची झोळी बाळाला जमिनीपासून वर ठेवते आणि वारा खेळू देते, म्हणून उन्हाळ्यात ती उत्तमच. मात्र दोरी लांब सोडू नये आणि मोठ्या भावंडांच्या भरवशावर झोके देऊ नयेत.

मे महिन्याचा सोबती

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं दर मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येतात. पारा ४६-४७ अंशांवर जातो. इथल्या लेकुरवाळ्या घराचं सर्वांत मोठं यंत्र म्हणजे कूलर, आणि बाळाच्या सामानाच्या कुठल्याही यादीत तो सापडणार नाही. त्याचे दोन धोकेही त्या यादीत नसतात. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी आणि वीज शेजारी नांदतात. पंपाची वायर सोलली गेली की सगळा सांगाडा जिवंत होतो, आणि गार वाऱ्यासाठी लेकरू नेमकं जाळीलाच हात लावतं. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून मूल दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतातच. तीन पिनांचा प्लग, खरं अर्थिंग आणि विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच, एवढ्याने हा धोका पुष्कळ टळतो. पाणी भरताना प्लग काढायचा, हा नियम घरात कोणासाठीही शिथिल करू नये. दुसरा धोका पावसाळ्याच्या तोंडावर येतो: टाकीत उरलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून भिंती घासायच्या, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात.

उन्हाळ्याची दुसरी गरज क्षारसंजीवनी, म्हणजे ओआरएस. जुलाबात ती जीव वाचवते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत हे दाखवून दिलं. खरी पुडी म्हणजे एक लिटर पाण्यासाठी २०.५ ग्रॅम, त्यात साखर मोजकी. रंगीत खोक्यातल्या गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरं छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पालकांनी पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, तेवढं बघावं, आणि पुडी एक लिटरमध्येच मिसळावी, ग्लासभर पाण्यात नाही. जोडीला झिंकच्या गोळ्या १४ दिवस. ही दोन्ही सरकारी केंद्रांत फुकट मिळतात.

खोकल्याच्या औषधाबाबत उलट सांगायला हवं. २०२५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी द्रव मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त मुलं दगावली. त्यातली अनेक नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली होती. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं औषध देऊच नये, पाचपर्यंतही सहसा नको. बाळाच्या कपाटातून ती बाटली काढून टाकली तर काही बिघडत नाही.

पांगुळगाडा आणि बाकीचे

आता दुकानातल्या इतर सामानाकडे. चाकांच्या कड्यात मुलाला बसवायचा वॉकर घेऊच नये. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. तो मुलाला लवकर चालायला शिकवत नाही, उलट पाय जमिनीवर नीट टेकायच्या आत पायरीपाशी, चुलीपाशी, विहिरीपाशी नेऊन सोडतो. आपला लाकडी पांगुळगाडा त्याहून शहाणा. त्याला धरायला मुलाला आधी स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. ज्या जिल्ह्यांतलं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं, तिथे एका सुताराला पांगुळगाडा बनवायला सांगणं अवघड नसावं. खुळखुळे आणि टोपल्या बांबूच्या घ्याव्यात. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकलेले हात जिल्ह्यात आहेत, त्यांना काम मिळेल. तेवढं टोकं घासलेली आहेत ना, ते बघावं.

दुधाच्या बाटलीबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती यांनी दोन वर्षांखालच्या मुलांचं डबाबंद अन्न आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात, फुकट नमुने, दवाखान्यांना भेटी या सगळ्याला मनाई केली आहे. जाहिरात करता येत नाही अशी वस्तू बाळंतविड्यात का ठेवावी? आईचं दूध काढून द्यायची वेळ आली तर वाटी-चमचा पुरतो, आणि तो उकळायला सोपा. डायपर प्रवासात आणि दवाखान्यात ठीक, पण मे महिन्यात रोज दिवसभर नको. शिवाय बहुतेक गावांत घंटागाडी येत नाही, त्यामुळे ते नाल्यात किंवा चुलीत जातात. मऊ झालेल्या सुती लुगड्याचे लंगोट हे अजूनही या हवामानाचं कापड आहे.

आणखी एक वस्तू: गॅसची शेगडी. लहान मुलांच्या दुकानात ती असत नाही, पण जंगलाकाठच्या घरात तिच्याइतकी बालोपयोगी वस्तू दुसरी नाही. धुराने लेकराची छाती भरते, ही एक बाजू. दुसरी बाजू ताडोब्याच्या काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको. सरपणाला, मोहफुलांना गेलेली आई वाघाच्या वाटेवर असते. २०१५ च्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा गावांना सवलतीत गॅस दिला गेला तो याच हेतूने. प्रश्न आहे तो दुसरा सिलिंडर भरून घ्यायचा.

यंदाचा बाळंतविडा

वस्तू घेताना तीन प्रश्न विचारले की निम्मी यादी आपोआप गळते. वीज गेली, रस्ता बंद झाला तरी ती चालेल का? ती वापरायला घरात कोण शिकवणार आहे? आणि ती नसली तर खरोखर काय अडेल?

या तीन प्रश्नांतून जे उरतं ते एका पिशवीत मावतं: टोपीवाली उबदार पिशवी किंवा दोन जाड दुपटी, डिजिटल थर्मामीटर, मच्छरदाणी, क्षारसंजीवनीच्या चार पुड्या, वाटी-चमचा, सुती लंगोट आणि बाळंतिणीसाठी खजूर, शेंगदाणे, जवस. भामरागड-एटापल्लीकडच्या नातलगांसाठी आणखी एक गोष्ट घालावी: दिवस भरत आले की आरोग्य केंद्राच्या माहेरघरात मुक्कामाला नेऊन पोचवण्याचं वचन, आणि त्यासाठी गाडीभाडं.

सरकारने पेटीतला शाम्पू काढून तो पैसा आशाताईंच्या फेऱ्यांच्या मानधनात घालावा. हे होईल तेव्हा होईल. आपल्या हातातलं मात्र या दिवाळीपासून करता येईल. नात्यात, शेजारात कोणाकडे पाळणा हलणार असेल तर ही पिशवी घेऊन जा, तिच्या आत एका चिठ्ठीवर गावच्या आशाताईंचा फोन नंबर लिहा, आणि थर्मामीटर कसा बघायचा ते घरातल्या आजीला आणि बापाला, दोघांनाही, बसून दाखवा.